दाट प्रथिन-द्रावणात विसरण आणि श्यानता: पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी

"मॅडम, रेडियस अर्धाच येऊन राहिला."

एमएस्सीच्या प्रकल्पाची मुलगी, हातात वही. वहीत बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनची त्रिज्या १.७ नॅनोमीटर लिहिलेली. ती साधारण ३.५ असते, हे तिलाही ठाऊक होते. यंत्र बरोबर चालत होते, द्रावण स्वच्छ होते. तिने फक्त १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणाची श्यानता मेहनतीने मोजली होती आणि तोच आकडा डीएलएस यंत्रात, म्हणजे द्रावणातून विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशावरून विसरण मोजणाऱ्या यंत्रात, भरला होता. सूत्र पाहिले तर कुणालाही हेच बरोबर वाटेल.

गेली कित्येक वर्षे दर हंगामात कुणी ना कुणी हीच वही घेऊन येते. म्हणून हे सगळे एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. तुम्ही नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजात रसायन, बायोटेक किंवा फार्मसीच्या प्रकल्पाला बसला असाल आणि दाट प्रथिन-द्रावण पहिल्यांदाच हाती आले असेल, तर बाटली उघडण्याआधी हे वाचा. श्यानता म्हणजे आपण लॅबमध्ये ज्याला व्हिस्कॉसिटी म्हणतो ती, आणि विसरण म्हणजे डिफ्यूजन.

सूत्र कुठपर्यंत चालते

स्टोक्स-आइन्स्टाइनचे सूत्र सगळ्यांना पाठ असते: विसरण गुणांक म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, भागिले सहा पाय गुणिले श्यानता गुणिले त्रिज्या. आइन्स्टाइनने ते १९०५ मध्ये मांडले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात विल्यम सदरलंडनेही तेच सूत्र स्वतंत्रपणे छापले होते, पण त्याचे नाव सूत्राला लागले नाही. मला याची हळहळ वाटते.

२५ अंशांवर पाण्याची श्यानता ०.८९ सेंटिपॉइज. ३.५ नॅनोमीटर त्रिज्या घालून हिशेब केला की बीएसएचा विसरण गुणांक येतो सेकंदाला सुमारे ७० चौरस मायक्रोमीटर. हा आकडा अंगवळणी पडावा म्हणून त्याचे अंतर करून पाहा. एका दिशेत १ मायक्रोमीटर सरकायला रेणूला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात, १ मिलिमीटरला दोन तास, आणि १ सेंटिमीटरला आठ दिवस. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो.

पण हे सूत्र एकट्या गोळ्याचे आहे. भोवती फक्त पाणी, पाण्याचे रेणू त्याच्यापुढे अगदी लहान, आणि शेजारी कुणी नाही. आता २०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे द्रावण घ्या. बीएसएचे वजन सुमारे ६६,५०० डाल्टन. हिशेबाने एका रेणूच्या मध्यापासून शेजारच्या रेणूच्या मध्यापर्यंत सरासरी ८ नॅनोमीटर अंतर पडते. रेणूचा स्वतःचा व्यासच ७. मधे उरते जेमतेम १ नॅनोमीटरची फट, म्हणजे पाण्याचे तीन-चार रेणू ओळीने उभे राहतील एवढी. इथे "आजूबाजूचा द्रव" म्हणायचे कशाला? पाण्याला, की शेजारच्या प्रथिनांना? सूत्रातल्या श्यानतेच्या जागी काय भरायचे हा प्रश्न इथून सुरू होतो, आणि त्याचे उत्तर तुम्ही कुठले विसरण मोजता यावर ठरते.

पहिली पायरी: कुठले विसरण, ते आधी ठरवा

सगळ्या लेखात हीच पायरी मला महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच गाळली जाते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेला असाल, तर काळी आणि पिवळी मारबत भेटते तेव्हाची गर्दी आठवा. त्या गर्दीत लाल टोपीचा एक मुलगा आहे. तो दहा मिनिटांत कुठून कुठे सरकला, हे तुम्ही गच्चीवरून पाहता. त्याला प्रत्येक पावलाला कुणाला तरी बाजूला सारावे लागते. गर्दी जितकी दाट, तितका तो हळू. हे झाले स्वविसरण: खूण केलेल्या एका रेणूचा प्रवास.

आता दुसरे दृश्य. चौकात माणसे खच्चून भरली आहेत आणि शेजारची गल्ली मोकळी आहे. चौकातून गल्लीकडे गर्दी किती वेगाने पांगते, हे तुम्ही पाहता. इथे कुठल्या एका माणसावर नजर नाही, दाटी आणि मोकळीक यांच्यातला फरक किती लवकर मिटतो याच्यावर आहे. आणि इथे माणसे जितकी दाट दाबलेली, तितकी ती बाहेर पडायला उतावीळ. हे झाले सामूहिक विसरण.

एकाच गर्दीत पहिला वेग घटतो आणि दुसरा वाढू शकतो. दोन्ही खरे आहेत. दाट प्रथिन-द्रावणात नेमके हेच घडते, फक्त माणसांच्या उतावीळपणाच्या जागी परासरणी दाब (ऑस्मॉटिक प्रेशर) असतो. रेणू एकमेकांना दूर लोटत असतील तर संहतीतला, म्हणजे कॉन्सन्ट्रेशनमधला, फरक मिटवण्याचा जोर वाढतो. पाण्यातून एकमेकांना अडवण्याचा विरोधही वाढतोच. दोघांत ज्याची सरशी, तिकडे सामूहिक विसरण झुकते.

डीएलएस यंत्र सामूहिक विसरण मोजते. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लाल लेझर आणि मागच्या बाजूने प्रकाश टिपणारे यंत्र असेल, तर ते सुमारे २४० नॅनोमीटर अंतरावरचे संहतीचे चढउतार पाहते. २०० मिलिग्रॅमच्या द्रावणात एवढ्या बाजूच्या घनात सुमारे २५,००० रेणू मावतात. म्हणजे यंत्राला एक रेणू दिसत नाही, पंचवीस हजारांच्या घोळक्याचे दाटणे-विरळणे दिसते.

सर्वांत साधी गोष्ट, एकमेकांवर आदळण्यापलीकडे ज्यांचे काही देणेघेणे नाही अशा कठीण गोळ्यांची. त्यांनी १० टक्के जागा व्यापली असेल, तर गणित सांगते: श्यानता १.३१ पट होते, स्वविसरण ०.७९ पट उरते, आणि सामूहिक विसरण १.१४ पट होते. पहिल्या दोघांचा गुणाकार करा: १.०३. म्हणजे स्वविसरण आणि श्यानता यांचे उलट नाते बरेचसे टिकले. श्यानता आणि सामूहिक विसरण यांचा गुणाकार मात्र जवळपास १.५. तिथे ते नाते तुटले आहे. आमच्या त्या मुलीने हे दुसरे तुटलेले नाते धरून त्रिज्या काढली होती. शिवाय तिच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, मीठ नव्हते. पीएच ७ ला बीएसएवर बराच ऋण भार असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना लांबूनच लोटत होते. विसरण वाढले, वर श्यानताही मोठी भरली, आणि त्रिज्या दोन्हीकडून घटली.

दुसरी पायरी: तापमान, आणि आपला उन्हाळा

पाण्याची श्यानता १० अंशांना १.३१ सेंटिपॉइज, २५ ला ०.८९, ४५ ला ०.६०. डिसेंबरच्या पहाटे नळाला येणारे पाणी मे महिन्याच्या दुपारच्या पाण्याच्या दुपटीहून अधिक घट्ट असते. खोलीच्या तापमानाच्या आसपास एका अंशाला सुमारे दोन टक्के फरक पडतो. त्यामुळे "खोलीच्या तापमानाला मोजले" हे वाक्य नागपुरात लिहूच नका.

साध्या वॉटर बाथला फक्त हीटर असतो. त्याला पाणी गरम करता येते, गार करता येत नाही. मे महिन्यात लॅबमध्ये ३६ अंश असताना डायल २५ वर ठेवला, तर बाथ निमूटपणे ३६ वरच बसतो आणि आपण वहीत २५ लिहितो. माझ्याकडून सुरुवातीच्या काळात असे तीन दिवसांचे आकडे गेले, आणि ते कुठल्याच दुरुस्तीने परत मिळाले नाहीत. चिलर नसेल तर सरळ ३७ किंवा ४० अंश हे प्रमाण तापमान ठरवा आणि सगळी मालिका त्यावरच करा. बीएसए ४० अंशांना काही तास नीट राहते. थर्मामीटर बाथमध्ये लटकवा, डायलवर विश्वास ठेवू नका.

एप्रिलमधली कोरडी हवा हा दुसरा त्रास. शंकू-आणि-तबकडीच्या ऱ्हिओमीटरवर (नमुना फिरवून श्यानता मोजणाऱ्या यंत्रावर) नमुन्याचा थेंब कडेने सुकू लागतो आणि श्यानता मिनिटागणिक चढते. झाकण वापरा, झाकणात ओला टिपकागद ठेवा. पावसाळ्यात उलटे होते: फ्रिजमधली प्रथिनाची बाटली गार असतानाच उघडली की भुकटी हवेतला ओलावा ओढते. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, मगच उघडा.

तिसरी पायरी: द्रावण करणे

इथे घाई करणाऱ्याचे पुढचे सगळे चुकते, म्हणून जरा थांबून सांगते.

समजा ३०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे द्रावण हवे. ३ ग्रॅम भुकटी घेतली, १० मिलिलिटर बफर ओतले. झाले का ३००? नाही. बीएसएचा प्रत्येक ग्रॅम द्रावणात ०.७३ मिलिलिटर जागा घेतो. ३ ग्रॅमने २.२ मिलिलिटर व्यापले, एकूण आकारमान १२.२ झाले, आणि संहती २४६. चौपन्न मिलिग्रॅमचा फरक, आणि तोही अशा भागात जिथे श्यानतेचा आलेख कड्यासारखा चढतो.

भुकटी टाकण्याची रीत: बीकरमध्ये बफर घ्या, भुकटी वरून पातळ थरात भुरभुरा, आणि हात लावू नका. चुंबकी ढवळणीवर ठेवाल तर फेस होईल. फेस म्हणजे हवेच्या पृष्ठभागावर पसरून बिघडलेले प्रथिन. पांढरा थर हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो, कडेने खाली ओघळू लागतो, तळाशी तेलासारख्या लकेरी दिसतात. मग बीकर झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बीकर हलकेच तिरके करा. पिवळसर, नितळ, काचेला किंचित रेंगाळणारे द्रावण दिसले पाहिजे. पांढरे खडे उरले असतील तर आणखी काही तास थांबा.

पीएच आता मोजा. विरघळण्याआधीच्या बफरचा पीएच इथे कामाचा नाही. एवढ्या दाट द्रावणात प्रथिन स्वतःच मोठे बफर असते आणि पीएच आपल्याकडे ओढते. सवड असेल तर डायलिसिस करा, म्हणजे द्रावण बारीक छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत भरून बफरमध्ये बुडवून ठेवा.

संहती तपासायची ती २८० नॅनोमीटरच्या शोषणाने. बीएसएचे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे द्रावण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.६७ शोषण देते. २०० चे द्रावण तीनशे पट पातळ केले की वाचन ०.४४ च्या आसपास येते, ते चांगले. पण पातळ करताना मायक्रोपिपेटवर भरवसा ठेवू नका. दाट द्रावण टिपमध्ये हळू चढते, आतल्या भिंतीला चिकटून राहते, आणि १०० मायक्रोलिटर म्हणून ९० च पडतात. तराजू वापरा: थेंब टाका, वजन लिहा, बफर टाका, पुन्हा वजन लिहा. २०० मिलिग्रॅमच्या द्रावणाची घनता सुमारे १.०५ असते, तिने भागले की आकारमान मिळते.

धुळीसाठी ०.२२ मायक्रोमीटरची गाळणी. दाट द्रावण तिच्यातून जाता जात नाही, म्हणून बफर आधी गाळा आणि दाट द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटे फिरवून वरचे घ्या.

स्वस्त पडते म्हणून काही जण अंड्याचा पांढरा भाग वापरू पाहतात. तो या कामाला चालत नाही. त्याचा घट्टपणा मुख्यतः ओव्होम्युसिन या थोड्याशा प्रथिनाच्या जाळ्यामुळे असतो. तुम्ही जाळे मोजाल, दाटी नाही.

चौथी पायरी: श्यानता

रसायनाच्या लॅबमध्ये ऑस्टवाल्डचे व्हिस्कोमीटर असतेच: बारीक काचनळीतून द्रव खाली पडायला किती वेळ लागतो ते त्यात मोजतात. त्याला द्रावण जास्त लागते, दहा मिलिलिटरच्या घरात, पण ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या पातळ मालिकेला ते पुरेसे आहे आणि हात बसवायला याहून चांगले साधन नाही. द्रावण रबरी बल्बने चढवा, तोंडाने नाही. बुडबुडा दिसला तर तो वेळ रद्द करा. आणि विसरू नका, पडायला लागलेल्या वेळेला घनतेने गुणायचे असते. गुणले नाही तर २०० मिलिग्रॅमला पाच टक्के तिथेच जातात.

दाट नमुन्यांना ऱ्हिओमीटर किंवा बारीक केशिकेचे यंत्र लागते. ऱ्हिओमीटरवर एक फसवणूक ठरलेली आहे. प्रथिने हवेच्या पृष्ठभागावर जमून साय धरतात. सावकाश फिरवताना यंत्र त्या सायीचा विरोध मोजते आणि द्रावण फार घट्ट असल्यासारखे दाखवते. वेगाने फिरवले की आकडा खाली येतो. नवखा माणूस लिहितो, द्रावण घुसळल्यावर पातळ होते. खात्री करायची तर नमुन्यात ०.०१ टक्क्याच्या आसपास पॉलिसॉर्बेट (साबणासारखा पदार्थ) घालून पाहा, किंवा हवा लागतच नाही अशा बंद केशिकेत मोजा. उतार नाहीसा झाला तर ती साय होती.

आलेख असा काढा: आडव्या अक्षावर संहती, उभ्यावर सापेक्ष श्यानतेचा (द्रावणाची श्यानता भागिले बफरची) नैसर्गिक लॉगरिदम. सुरुवातीचा उतार म्हणजे आंतरिक श्यानता, बीएसएची सुमारे ४ मिलिलिटर प्रति ग्रॅम. पुढे रेषा वर वळते. हे वळण पकडायला रॉस-मिंटनचे समीकरण वापरतात. आंतरिक श्यानता ४ आणि दाटीचा गुणांक ०.४ धरून मी हिशेब करून देते, म्हणजे अंदाज येईल: १०० मिलिग्रॅमला श्यानता बफरच्या १.६ पट, २०० ला ३.२ पट, ३०० ला १० पट, ४०० ला ८५ पट. शंभर-शंभरचीच पायरी, पण शेवटची पायरी भिंतीसारखी. म्हणून मोजमापाचे बिंदू समान अंतरावर घेऊ नका, वरच्या टोकाला दाट घ्या.

पाचवी पायरी: विसरण

डीएलएसवर १ पासून २० मिलिग्रॅमपर्यंत सहा-सात संहती घ्या. यंत्र श्यानता विचारेल, तिथे बफरची भरा, प्रथिन-द्रावणाची नाही. बफरमध्ये साखर किंवा ग्लिसरॉल असेल तर त्यासकट बफरची. विसरण गुणांक संहतीसमोर मांडा, रेषा शून्य संहतीपर्यंत मागे ओढा. तिथे जो आकडा येतो तोच सूत्रात घालायचा आणि तिथूनच त्रिज्या काढायची. रेषेचा उतार वर असेल तर रेणू एकमेकांना लोटतात, खाली असेल तर ओढतात. तीच मालिका १५० मिलिमोलर मिठात पुन्हा करा. भार झाकला जातो आणि चढता उतार बराच सपाट होतो. हा फरक स्वतःच्या हाताने एकदा काढून पाहिलात की सगळा विषय डोक्यात बसतो.

औषधनिर्मितीत हा उतार फार पाहतात. अँटिबॉडी सुमारे दीड लाख डाल्टनची. ती कातडीखाली एक-दोन मिलिलिटरच्या इंजेक्शनने द्यायची तर १०० मिलिग्रॅमच्या वर दाट करावी लागते. तेवढा माल सुरुवातीला हाती नसतो. थोड्या मिलिग्रॅममध्ये मिळालेला उतार खाली झुकलेला दिसला, तर पुढे दाट द्रावण घट्ट होण्याची शक्यता जास्त धरतात. हा कल आहे, नियम नाही. एकमेकांना धरून गुच्छ करणाऱ्या अँटिबॉडीची श्यानता तेवढ्याच दाट दुसरीपेक्षा कितीतरी पट असू शकते.

स्वविसरणासाठी खूण केलेला रेणू लागतो. फ्लोरोसंट रंग जोडलेले थोडे प्रथिन मिसळून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली एक ठिपका लेझरने विझवायचा आणि तो पुन्हा किती वेळात उजळतो ते पाहायचे, ही फ्रॅप पद्धत. किंवा ग्रेडियंटवाले एनएमआर, त्याला रंग लागत नाही. दोन्ही तुमच्याकडे नसतील तर प्रकल्पाच्या प्रश्नाचे शब्द बदला. डीएलएसच्या आकड्याला स्वविसरण म्हणून मात्र लिहू नका.

सहावी पायरी: तिन्ही एका कागदावर

आडव्या अक्षावर संहती. त्यावर तीन रेषा: सापेक्ष श्यानतेचा व्यस्त, स्वविसरणाचे शून्य संहतीच्या आकड्याशी गुणोत्तर, आणि सामूहिक विसरणाचे तसेच गुणोत्तर. पहिल्या दोन रेषा जवळजवळ हात धरून खाली उतरतील. तिसरी मीठ नसताना वर जाईल.

पहिल्या दोन कुठे सुटतात, ते पाहण्यासारखे आहे. द्रावणात प्रथिनापेक्षा फार लहान रंगाचा रेणू सोडला, तर तो फटींतून वाट काढतो आणि मोजलेल्या श्यानतेवरून अपेक्षा करतो त्याहून बराच जलद जातो. बर्डीच्या मेन रोडवर शनिवारी संध्याकाळी कार अडते, सायकल निघून जाते. जागेवर गिरकी घेणेही सरकण्याइतके मंदावत नाही, कारण गिरकीला शेजाऱ्याला हटवावे लागत नाही. तुलनेला ४० टक्के साखरेचे द्रावण घ्या, २० अंशांना त्याची श्यानता पाण्याच्या सहापट असते. त्यात बीएसए सोडले तर ते इमानाने सूत्राप्रमाणे सहापट मंदावते, कारण साखरेचा रेणू त्याच्यापुढे खूप लहान आहे. दोन द्रावणे ऱ्हिओमीटरवर सारखीच घट्ट, आणि आतल्या रेणूला दोन वेगळ्या जागा.

तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन ३३० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास असते, आणि तरी आतले रेणू आयुष्यभर सरकत, गिरक्या घेत राहतात. हे मला अजूनही थक्क करते.

काम संपल्यावर केशिका आणि क्युव्हेट लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग प्रथिने सुटणाऱ्या डिटर्जंटने, मग पुन्हा पाण्याने. अल्कोहोल किंवा ॲसिटोन अगदी शेवटी, वाळवण्यापुरते. ते आधी घातले तर आत उरलेले प्रथिन पांढरे होऊन काचेला चिकटते, आणि पुढच्या माणसाची पडण्याची वेळ कारण नसताना वाढते.